आवलीच्या हातातली वहाण

गेल्या महिन्यात दादरमधील एका छोट्या सभागृहात प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या जुन्या चित्रपटाचा खेळ झाला आणि खेळानंतर चर्चा ठेवलेली होती. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगांतील काही वृद्ध प्रेक्षकांचे हात अजून जोडलेले होते, तर मागच्या रांगांतून वैकुंठगमनाच्या दृश्यावर दाबलेले हसू ऐकू येत होते. चर्चा कोणत्या वळणाने जाणार, हे ती सुरू होण्यापूर्वीच ठरून गेले होते. एका तरुण प्राध्यापकांनी सांगितले की, ज्या महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांचा भर रस्त्यावर खून झाला, त्या महाराष्ट्रात नदीत बुडवलेल्या वह्या देवाकडून परत मिळवून देणाऱ्या चित्रपटाला अभिजात म्हणून मिरवणे हा बौद्धिक अप्रामाणिकपणा आहे. त्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी संतांच्या चरित्राची चिकित्सा करायची नसते, ते अनुभवायचे असते, असे काहीशा चढ्या आवाजात बजावले. तिसऱ्या वक्त्याने दोघांना शांत करण्यासाठी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाचा दाखला दिला आणि जे जगाने गौरवले त्यावर आपण वाद का घालावा, असे विचारले. तिन्ही वक्त्यांना टाळ्या मिळाल्या. मी तिथे काही बोलले नाही, कारण मला जे म्हणायचे होते ते दोन मिनिटांत बसणारे नव्हते.

मला हा चित्रपट थोर वाटतो आणि मी विठ्ठलभक्त नाही. ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत, असे त्या संध्याकाळी तिघांनीही गृहीत धरले होते आणि वाद बिघडला तो तिथेच. एखाद्या कलाकृतीचे कौतुक करणे म्हणजे तिच्या श्रद्धेवर सही करणे, असे प्राध्यापक मानत होते. गृहस्थही नेमके तेच मानत होते, फक्त त्यांची सही करण्याची तयारी होती. माझे म्हणणे असे की, ‘संत तुकाराम’ची थोरवी त्याच्या चमत्कारांत नाही आणि चमत्कार असूनही ती टिकते असेही नाही; ती या गोष्टीत आहे की, त्या चित्रपटावर घेता येईल असा सर्वांत कठोर आक्षेप त्या चित्रपटातच, एका बाईच्या तोंडून, हातात वहाण घेऊन घेतला गेला आहे. जो प्रेक्षक ती बाई नीट पाहतो, त्याला कौतुकासाठी भाविक व्हावे लागत नाही आणि विवेकी राहण्यासाठी नाक मुरडावे लागत नाही.

आधी तिसऱ्या वक्त्याचा मुद्दा निकालात काढू, कारण तो सर्वांत दुबळा आहे. १९३७ साली व्हेनिसला हा मराठी चित्रपट दाखवला गेला, त्याचा तिथे गौरव झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याआधी १२ डिसेंबर १९३६ रोजी तो गिरगावातल्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथे सलग ५७ आठवडे चालला, ही तर अभिमानाचीच गोष्ट आहे. पण परक्याची शाबासकी आणि तिकीटबारीवरची रांग यांनी एखाद्या कलाकृतीचा इतिहास सांगता येतो, तिची किंमत ठरवता येत नाही. ५७ आठवड्यांचा दाखला द्यायचा, तर पुढे त्याहून अधिक चाललेल्या कितीतरी सामान्य चित्रपटांना आपण वंदन करणार आहोत का? शिवाय आपल्या घरातली वस्तू चांगली आहे हे परदेशातून कळल्यावरच तिच्यावरची धूळ झटकायची, ही सवय आपण किती वर्षे चालवणार?

प्राध्यापकांचे आक्षेप मात्र असे झटकता येणार नाहीत. किंबहुना त्यांनी ते जितक्या जोरात मांडले त्याहून अधिक जोरात ते मांडता येतात आणि तसे ते मांडले पाहिजेत. पहिला आक्षेप चमत्कारांचा. हे चमत्कार म्हणजे रूपके आहेत, असे सांगून सुटका करून घेणारा एक सुशिक्षित वर्ग आपल्याकडे आहे. मला ती पळवाट वाटते. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी ते रूपके म्हणून दाखवलेले नाहीत. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावातच कॉरोनेशन चित्रपटगृहाच्या पडद्यावर फाळक्यांनी देव प्रकट करून दाखवला, तेव्हापासून मराठी माणसाला कॅमेऱ्याच्या करामतीतून देव पाहण्याची सवय लागली होती, आणि प्रभातच्या कारागिरांनी ती करामत मनापासून, सफाईने केली आहे. चित्रपटाच्या जगात विठोबा खरोखर येतो, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. आणि खुद्द तुकोबा काय म्हणतात? नवसाने मुले होत असती तर नवरा करण्याची गरज काय, असे विचारणारे तुकोबा गाथेत आहेत. ते या चित्रपटात जवळजवळ नाहीत.

दुसरा आक्षेप जातीचा, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा जड आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. पुढच्याच वर्षी, १९३६ च्या मे महिन्यात, जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे त्यांचे न झालेले भाषण छापून निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या या चित्रपटात शूद्राला वेदाचा अर्थ सांगण्याचा अधिकार नाही, हा मूळ प्रश्न उपस्थित होतो खरा, पण तो बघता बघता सालोमालो नावाच्या एका मत्सरी, काहीशा हास्यास्पद माणसाच्या खलप्रवृत्तीत विरघळून जातो. व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारला की प्रेक्षकाची सुटका होते. सालोमालोला हसणारा प्रेक्षक स्वतःच्या घरातली पंगत आठवत नाही. याच तुकोबांच्या ओळी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायका’च्या शिरोभागी घेतल्या होत्या, भीड सोडून बोलण्याची घोषणा म्हणून. त्या तुकोबांशी तुलना केली तर पडद्यावरचे तुकोबा फारच मवाळ आहेत. आणि १६५० साली तुकोबांचे वैकुंठगमन झाले नाही, त्यांचा घातपात झाला, असे मत मांडणारे अभ्यासक महाराष्ट्रात आहेत. ते मत ज्याला पटते, त्याला आकाशात जाणारे विमान पाहून संताप आला तर त्याला अरसिक म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

इतके सारे मान्य केल्यावर उरते काय? उरते ती तुकोबांची बायको जिजाई, म्हणजे आपल्या तोंडची आवली.

आवलीचा इतिहास आधी पाहिला पाहिजे. कीर्तनांनी आणि लोककथांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या विनोदाचा विषय केले: संताच्या पदरी पडलेली कजाग बायको, भांड्यांचा आवाज करणारी, देवाला शिव्या घालणारी, नवऱ्याची योग्यता न कळलेली. याला आधार खुद्द तुकोबांनी दिला आहे. दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा दिली ती बरी झाली, असे सांगता सांगता ते ‘बरें झालें देवा बाईल कर्कशा’ असेही म्हणून जातात. घरातल्या विपत्तींच्या यादीत बायको एक कलम होऊन बसते. पण याच तुकोबांनी आपल्या पहिल्या पत्नीविषयी लिहिलेली ओळ त्या अभंगाशेजारी ठेवून पाहा: ‘स्त्री एक अन्न अन्न करितां मेली’. ज्या घरात पहिली बायको दुष्काळात अन्नाचा जप करीत गेली, त्या घरात दुसरी बायको धान्याच्या कणगीवर नजर ठेवून बसली, तर तिला कर्कशा म्हणायचे की शहाणी? कीर्तनकारांना हा प्रश्न तीनशे वर्षे फारसा पडला नाही. प्रभातच्या दिग्दर्शकांना तो पडला, किंवा निदान त्यांच्या कॅमेऱ्याला पडला.

गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली आवली पाहताना पहिल्यांदा जाणवते ते तिचे कामात असणे. ती पडद्यावर बहुतेक वेळा काहीतरी करीत असते. म्हैस, पोरे, चूल, पाणी यांच्यामध्ये तिचे बोलणे येते. ते संवाद म्हणून फेकलेले नसते, कामाच्या धापेतून निघालेले असते. तिचा आवाज मोठा आहे, चाल दणकट आहे, आणि प्रेमही तसेच दणकट आहे, म्हणजे शिव्यांच्या आड लपवलेले. तिच्यासमोर विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पाहा. पागनीसांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या होत्या. त्यांच्या अंगातले ते मार्दव या भूमिकेत उतरले आहे. त्यांचा तुकोबा कुणावर ओरडत नाही, कुणाला ढकलत नाही, डोळे अर्धे मिटून स्वतःशीच हसतो. घरातला पुरुष मऊ आणि बाई खणखणीत, ही मांडणी त्या काळच्या पडद्यावर किती दुर्मिळ असेल, याचा विचार करण्यासारखा आहे.

आणि इथेच मला असे वाटते की, गाथेतले तुकोबा या चित्रपटात हरवले, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. नाठाळाच्या माथी काठी हाणण्याची भाषा करणारे, ‘माझे लेखीं देव मेला’ असे लिहिण्याचे धाडस करणारे, विठोबाशी हुज्जत घालणारे तुकोबा पागनीसांच्या वाट्याला आले नाहीत, हे खरे. पण ते चित्रपटातून नाहीसे झाले का? मला तर ते आवलीच्या अंगात शिरलेले दिसतात. चित्रपटाने तुकोबांचे जणू दोन वाटे केले: शरणागती नवऱ्याला दिली आणि भांडण बायकोला दिले. देवाकडे हिशेब मागणे, ढोंगाला ढोंग म्हणणे, पोटाच्या प्रश्नाला अध्यात्माच्या उत्तराने समाधान न मानणे, हे जे गाथेतल्या तुकोबांचे रोकठोकपण आहे, ते पडद्यावर आवली बोलते. दिग्दर्शकांनी हे जाणूनबुजून केले असेल असा माझा दावा नाही. कलाकृतीला तिच्या कर्त्यांपेक्षा अधिक कळते, असे पुष्कळदा घडते.

मूल आजारी पडते आणि आवली त्याला घेऊन देवळात शिरते, वहाण हातात घेऊन. विठोबाला ती जे सुनावते ते कोणत्याही विवेकवादी व्याख्यानात शोभावे असे आहे. तू आमचे घर खाल्लेस, आता पोर खाणार आहेस का, हा त्याचा मथितार्थ. सभागृहातल्या प्राध्यापकांनी जो प्रश्न तासभर घेऊन विचारला, तो तिने एका दमात विचारला आहे, तोही ज्याला विचारायला हवा त्यालाच. मग आपण तिच्यापेक्षा धीट असल्याचा आव कशाला आणायचा?

यावर एक खणखणीत प्रतिवाद आहे आणि तो मी स्वतःच अनेकदा स्वतःशी केला आहे. मूल तर बरे होते! म्हणजे चित्रपट तिला प्रश्न विचारू देतो आणि लगेच चमत्काराने तिचे तोंड बंद करतो. बंडाला जागा द्यायची आणि शेवटी देवाचाच विजय करायचा, ही तर धर्माची जुनी युक्ती. पण चित्रपट पुढे काय करतो हे पाहावे. आवलीचे तोंड बंद होत नाही. दुखणे बरे झाले तरी घर बरे होत नाही. उपास तोच, चूल तीच, आणि भांडणही तेच. शिवाजी महाराजांचा नजराणा येतो आणि तुकोबा तो परत पाठवतात, तेव्हा प्रेक्षकाच्या मनाची जी ओढाताण होते ती पाहा. तुकोबांचे बरोबर आहे, हे कळत असते. आणि ज्या घरात उद्याच्या भाकरीचे पीठ नाही त्या घरातून सोने परत जाताना पोटात तुटतेही. चित्रपट त्या तुटण्याला क्षुद्र म्हणत नाही. सामान्य संतपटात बायको शेवटी नवऱ्याच्या पायांवर डोके ठेवते, आपली चूक कबूल करते आणि तिचा प्रश्न तिच्याबरोबरच विसर्जित होतो. इथे शेवटी वैकुंठाला निघालेला नवरा एकीकडे आणि घरात, मुलाबाळांत गुंतलेली आवली दुसरीकडे, असे दोन मार्ग दोनच राहतात. ती जात नाही. तिला जाता येण्यासारखे नाही. आकाशात विमान दाखवणाऱ्या चित्रपटाने जमिनीवर कोणीतरी राहावे लागते, हे विसरू दिलेले नाही, आणि मागच्या रांगांत हसणाऱ्यांनी नेमके हेच पाहिले नाही, कारण ते विमानाच्या कागदी पंखांकडे पाहत होते.

याच कंपनीने पुढच्याच वर्षी, १९३७ साली, शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला आणि पुरोगामी मंडळी आजही ‘कुंकू’चे नाव आदराने घेतात, ते योग्यच आहे. जरठविवाह नाकारणारी नीरा मराठी पडद्यावरची मोठी बंडखोर आहे. पण तिची कोंडी फुटते कशी? म्हाताऱ्या नवऱ्याला पश्चात्ताप होतो आणि तो जीव देतो. बंडखोर स्त्रीच्या वाटेतला पुरुष कथाकाराने सोयीने दूर केला आहे. ‘संत तुकाराम’ ही सोय घेत नाही. नवरा तिथेही जातो, पण त्याच्या जाण्याने आवली मोकळी होत नाही, तिचे ओझे दुप्पट होते. मग सुधारणावादी कथेला लागू होणारी सवलत भक्तिकथेला का नाही? की आपण विषयावरूनच निकाल लावून मोकळे होतो आणि दृश्ये नंतर, जमल्यास, पाहतो?

इथे कोणी असे विचारील की, मग कथानकातला विचार कसाही असो, हाताळणी चांगली असली की झाले, असे तुमचे म्हणणे आहे का? तसे मुळीच नाही. ग्रिफिथचा ‘बर्थ ऑफ अ नेशन’ १९१५ साली अमेरिकेत आला. चित्रपटाच्या तंत्राच्या इतिहासात तो टाळता येत नाही, पण त्याने कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेला तारणहार म्हणून रंगवले आणि त्याच वर्षी ती संघटना पुन्हा उभी राहिली. त्या चित्रपटाची कारागिरी मान्य करूनही माझे त्याच्यावर प्रेम बसणार नाही, आणि त्याचे कारण केवळ त्याचा विचार वाईट आहे हे नाही. त्या विचाराने ज्यांना चिरडले, त्यांना चित्रपटात माणूस म्हणून तोंडच नाही, हे आहे. चित्रपट ज्याच्या विरोधात उभा आहे, त्याला तो किती खरे होऊ देतो, ही माझी कसोटी आहे. या कसोटीवर ‘संत तुकाराम’ सालोमालोच्या बाबतीत कमी पडतो आणि आवलीच्या बाबतीत असा उतरतो की, पुढच्या नव्वद वर्षांतले बरेच मराठी चित्रपट त्याच्या जवळपास येत नाहीत.

विवेकवादी मित्रांना आणखी एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याने दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथनाला गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवले. ती राजकीय तडजोड होती असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण तडजोडीतूनही कधीकधी शहाणा भेद हाती लागतो. भानामतीच्या नावाखाली पैसे उकळणारा, बाईला मारहाण करणारा भोंदू आणि इंद्रायणीच्या काठी वह्या वर आल्याची गोष्ट सांगणारी आजी, यांना एकाच पिंजऱ्यात उभे करणे हा विवेक नव्हे. आणि ज्या समाजाला गोष्ट आणि दावा यांतला फरक ओळखता येत नाही, त्याला भोंदू ओळखणेही अवघडच जाणार.

आता हात जोडलेल्या गृहस्थांकडे वळते. त्यांच्याशी माझे भांडण अधिक प्रेमाचे आहे, कारण माझी आजी त्यांच्याच पंथातली होती. चिकित्सा करायची नसते, असे ते म्हणतात. पण ज्या चित्रपटापुढे ते हात जोडतात त्यात एक बाई विठोबावर वहाण उगारते, याचे ते काय करतात? ते दृश्य त्यांनी डोळे मिटून पाहिले का? आज एखाद्या नव्या दिग्दर्शकाने असे दृश्य लिहिले तर भावना दुखावल्याची पहिली तक्रार किती तासांत नोंदवली जाईल, याचा अंदाज मुंबईत राहणाऱ्या कोणालाही बांधता येतो. १९३६ सालच्या गिरगावात, ब्रिटिशांची सेन्सॉरशिप असताना, त्या दृश्यासकट चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. सरकारची नजर तेव्हा भलत्याच गोष्टींवर असे: प्रभातनेच एकनाथांवर काढलेल्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव १९३५ साली गांधीजींची आठवण करून देते म्हणून बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले होते. परंतु भक्ताच्या बायकोने देवाला शिवी दिली तेव्हा तिला कोणी अडवले नाही, कारण पाहणाऱ्यांना भांडण आणि अवमान यांतला फरक ठाऊक होता. तो फरक वारकऱ्यांनीच त्यांना शिकवला होता. चिकित्सा नको म्हणणारे गृहस्थ परंपरेचे रक्षण करीत नव्हते, तिचे नखे काढलेले चित्र भिंतीवर लावत होते.

त्यांना चालणार नाही अशी आणखी एक गोष्ट या चित्रपटाच्या पोटात आहे. ‘आधी बीज एकले’ हा त्यातला अभंग तुकोबांचा नाही. तो प्रभातचे कवी शांताराम आठवले यांनी लिहिला. अनेकांनी तो तुकोबांचाच मानला, आणि आजही भजनी मंडळांत तो त्याच श्रद्धेने म्हटला जातो. हे कळल्यावर ज्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटते, त्यांची भक्ती शिक्क्यावर आहे, शब्दांवर नाही. मला तर ही घटना अभिजात कृती म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण वाटते. परंपरेत इतके मुरायचे की तुमचा शब्द तिच्या शब्दांत वेगळा निवडता येऊ नये, आणि तरी तो तुमचा असावा. दिग्दर्शकांपैकी शेख फत्तेलाल मुसलमान होते, आणि वारकरी संताचे देऊळ, अंगण, नदीकाठ हे सारे उभे करण्यात त्यांचा हात होता. पुढे १९६४ साली इटलीत पासोलिनी या नास्तिक, मार्क्सवादी दिग्दर्शकाने येशूच्या चरित्रावर चित्रपट केला आणि तो दिवंगत पोपना अर्पण केला. निर्मात्याला श्रद्धेचा दाखला लागत नसेल, तर प्रेक्षकाकडेच तो का मागायचा?

मी हे सारे इतक्या आग्रहाने मांडते आहे, त्याला एक मुंबईचे कारणही आहे. माझी मावशी लालबागला एका चाळीत खाणावळ चालवायची. खाणावळ म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक शेगडी, एक स्टोव्ह आणि दोन्ही वेळचे मिळून चाळीसेक डबे आणि ताटे. गिरण्यांत काम करणारे कोकणातले, घाटावरचे एकटे पुरुष तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशाच खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा या बायकांच्या श्रमाला पहिल्यांदा नाव मिळाले. तोपर्यंत गिरणगावच्या इतिहासात संप होते, पुढारी होते, भोंगे होते, ताट वाढणारी बाई नव्हती. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जेवणारे तेच, पण पगार बंद. काका संपाच्या सभांना जात, तिथून भजनाला जात, आणि मावशी उधारीच्या वहीत पाने वाढवीत जाई. काकांवर तिचा राग होता, संपावर नव्हता, संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांचे बरोबर आहे, असे ती म्हणायची आणि लगेच पुढे म्हणायची, पण पीठ कोण देणार?

हे वाक्य आवलीचे आहे. मोठ्या ध्येयाच्या बाजूने उभे राहून त्या ध्येयाला त्याचा खर्च विचारणारे. अशा प्रश्नाने ध्येय खोटे ठरत नाही आणि ध्येय खरे आहे म्हणून प्रश्न मिटत नाही. गिरगावातल्या आणि गिरणगावातल्या ज्या बायकांनी १९३७ मध्ये आठवड्यामागून आठवडे सेंट्रल भरवले, त्या केवळ देव पाहायला येत होत्या का? माझ्या आजीला विमान आठवायचे, पण त्याआधी तिला आवलीच्या शिव्या आठवायच्या आणि त्या सांगताना ती तोंडाला पदर लावून हसायची. घरात ज्या बोलण्याला उद्धटपणा म्हणत, ते बोलणे पडद्यावर एका संताच्या घरात चालले होते आणि संत ते ऐकून घेत होता. याला जर कोणी अंधश्रद्धेचा प्रसार म्हणणार असेल, तर त्याने एकदा त्या बायकांच्या रांगेत बसून चित्रपट पाहायला हवा होता.

मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागत असे. ‘संत तुकाराम’ मी पहिल्यांदा पाहिला तो तिथे, मावशीच्या खोलीत, शेजारच्यांनी दार अडवून उभे राहून पाहिलेल्या कृष्णधवल संचावर. मावशी पोळ्या लाटता लाटता पाहायची. देवळातल्या प्रसंगाला तिचे लाटणे थांबले होते, हे मला स्पष्ट आठवते. ती काही बोलली नाही, फक्त पिठाचा हात तसाच वर राहिला. नंतर दोनदा तो चित्रपट त्याच खोलीत लागला. दोन्ही वेळा काका शेवटापर्यंत हात जोडून बसले होते. मावशीने मात्र त्यातले वैकुंठगमन कधीच पाहिले नाही. चित्रपट तिथवर येईपर्यंत जेवणारी माणसे जिन्यावर येऊन उभी राहिलेली असत आणि ती ताटे मांडायला उठलेली असे.